कागदकामाचा कोपरा: घरात मांडायचा कसा आणि चारचौघांत वाटायचा कसा

‘ताई, पंच कुठे ठेवलाय?’ हा प्रश्न एका दुपारी चार वेळा आला, की समजावं मांडणी आपल्या डोक्यात आहे, कपाटात नाही. एकट्यानेच काम करायचं असेल तर तेही चालतं. पण कागदाचा छंद फार दिवस एकट्याचा राहत नाही. पुतणी येते, शेजारच्या काकू डोकावतात, सोसायटीत दिवाळीआधी ‘कंदील शिकवाल का?’ अशी विचारणा होते. म्हणून कोपरा लावताना एकच कसोटी धरावी: घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसाला तुम्हाला न विचारता वस्तू सापडली पाहिजे, आणि काम झाल्यावर तितक्याच सहज परत ठेवता आली पाहिजे. खाली जे काही सांगितलंय ते या कसोटीला धरून.

वेगळी खोली बहुतेकांकडे नसते. एक कपाट, खिडकीजवळचं टेबल आणि पलंगाखालची जागा, एवढ्यात सगळं बसतं. इथे तेवढंच गृहीत धरलंय.

आधी सगळं बाहेर

एखादा सुट्टीचा दिवस धरा आणि घरभर पसरलेलं कागदाचं सामान जमिनीवर एकत्र आणा. पिशव्या, खोकी, ड्रॉवर, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेली मिठाईची झाकणं, लग्नपत्रिका, सगळं. आता चार ढीग करा: कागद, कापायची हत्यारं, चिकटवायचं सामान, सजावट. सजावटीत टिकल्या, मणी, लेस, क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या) बारीक पट्ट्या, पंचने पाडलेली फुलं. या टप्प्यावर डबे विकत घ्यायला धावू नका. डबे आधी आणले की माणूस सामानाला डब्यात कोंबतो आणि दोन महिन्यांत पुन्हा तोच पसारा होतो.

टाकायचं काय, यावर घरोघरी वाद होतात. माझा नियम कडक आहे. वाळलेला गोंद, गंजलेलं पातं, तेलकट डाग पडलेला कागद तडक बाहेर. कागदाचे तुकडे तळहाताएवढे किंवा मोठे असतील तर ठेवायचे, त्याहून लहान तुकड्यांना एकच बरणी. ती भरली की रिकामी करायची, दुसरी बरणी आणायची नाही. लग्नपत्रिका ठेवा, त्यांचा जाड कागद भेटकार्डाच्या आत आधाराला उत्तम. चमकी लावलेला किंवा प्लास्टिकचा थर दिलेला कागद मात्र साध्या रद्दीत मिसळू नका; कागद गिरणीला तो नको असतो.

उजेड, ओल आणि पंखा

उजव्या हाताने काम करत असाल तर खिडकी डावीकडे हवी, म्हणजे कापताना हाताची सावली रेघेवर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट. संध्याकाळच्या कामाला पिवळा दिवा नको: पिवळ्या उजेडात फिकट गुलाबी आणि पीच यांतला फरक कळत नाही. दिव्याच्या खोक्यावर ५००० ते ६५०० केल्विन असं लिहिलेला पांढरा एलईडी घ्या.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो ती भिंत मुंबईत आणि कोकणात सप्टेंबरपर्यंत ओल धरते. आतली भिंत निवडा, आणि तिथेही मागे दोन-तीन बोटं फट ठेवा.

टेबलाची उंची कामाप्रमाणे. घड्या घालायला, चिकटवायला बसून काम करायचं तर साधारण ७५ सेंटिमीटर. पट्टी धरून कटर चालवायचं तर उभं राहूनच हात सरळ पडतो, त्याला स्वयंपाकघरातला ओटा झकास. ओट्याचा ग्रॅनाइट पुसून कोरडा केला, वर कापायची मॅट टाकली की झालं. कुकरच्या शिट्या संपल्यावर, एवढंच.

आणि पंखा. परदेशी व्हिडिओंत या शत्रूचा उल्लेखही नसतो. मे महिन्यात पंखा बंद करून कोणी बसत नाही, म्हणून वजनं लागतात. बाजारातली काचेची वजनं महाग पडतात. खलबत्त्यातला बत्ता, तराजूची जुनी मापं, नदीतले चपटे गोटे चालतात. अशी सहा-सात वजनं एका थाळीत टेबलावर कायम ठेवा.

कागद: खरी गुंतागुंत इथे

कागदाचे ताव आधी जाडीने लावा, मग रंगाने. बहुतेक जण आधी रंग लावतात आणि मग घडी घालायला घेतलेला कागद मोडतो, कारण तो कार्डशीट निघतो. जाडी मोजायचं माप जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, ओरिगामीला त्याच्या आसपास किंवा पातळ, भेटकार्डाला २०० ते ३००. पतंगाचा कागद या सगळ्यांपेक्षा खूप पातळ.

बिनलेबलचा कागद हाती आला तर घरच्या घरी मोजता येतो. १६ ए-फोर कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून दहा ए-फोर कागद स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवा आणि ग्रॅमला १.६ ने गुणा. ५० ग्रॅम भरले तर ८० जीएसएम, १२५ भरले तर २००. मोजून झालं की गठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडा लिहून टाका, नाहीतर पुढच्या माणसाला पुन्हा काटा काढावा लागतो.

दुसरी गोष्ट, जी शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला कोणी शिकवत नाही: कागदाला धागा असतो. गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पडतो तेव्हा तंतू बहुतांशी एकाच दिशेला झोपतात. त्या दिशेने घडी घातली की कडा स्वच्छ येते. आडवी घातली की जाड कागद तडकतो, घडीच्या रेघेवर पांढरे केस दिसतात. दिशा ओळखायला ताव दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा, मोडायचा नाही. मग फिरवून दुसऱ्या बाजूने वाकवा. ज्या वेळी कमी जोर लागला, त्या वेळच्या बाकाची रेघ म्हणजे धाग्याची दिशा. तरी शंका असेल तर कोपऱ्यातून दोन इंची चौकोन कापा आणि त्याची एकच बाजू ओल्या बोटाने पुसा. तो पुंगळीसारखा वळतो, आणि पुंगळीची लांबी धाग्याच्या दिशेला असते. दिशा कळली की तावाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने छोटा बाण काढा. तेवढ्या बाणामुळे तुमच्याकडे शिकायला आलेल्याचं निम्मं काम सोपं होतं.

हातकागदाला अशी ठळक दिशा नसते, कारण चौकटीत लगदा हलवताना तंतू सगळीकडे पसरतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला तिथला कागद हाताळला की फरक लगेच कळतो. हा कागद गोंदाचं पाणी जास्त पितो, आणि फाडून केलेली त्याची कडा कापलेल्या कडेपेक्षा देखणी दिसते.

ठेवणीचं असं: ए-फोर आणि त्याहून लहान कागद उभे, फायली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. खोकं गच्च भरलेलं हवं, कारण अर्धं रिकामं राहिलं की कागद पोटात वाकतात. कमी असतील तर मागे जाड पुठ्ठा घाला. बारा इंची स्क्रॅपबुकचे चौकोन या खोक्यांत मावत नाहीत, त्यांना कपाटाचा एक फळीभर कप्पा द्या, आडवे. २२ × २८ इंची कार्डशीटचे ताव मात्र पलंगाखाली: प्लायवूडचा तुकडा, त्यावर ताव, वर दुसरा प्लाय, आणि सगळ्याला जाड प्लास्टिक. दुकानदार ताव गुंडाळून देतो. घरी आल्या आल्या उलगडून दाबून ठेवा. महिनाभर सुरळी राहिलेला कार्डशीट पुन्हा सपाट होता होत नाही.

खरेदीबद्दल थोडं. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट. घाऊक दुकानात शक्यतो सकाळी जा, आणि गट्ठा घेण्याआधी एक ताव मागून वाकवून पाहा. जुने दुकानदार अजून दस्त्याच्या भाषेत बोलतात: एक दस्ता म्हणजे २४ ताव. रीम मात्र आता ५०० ची.

हत्यारं आणि त्यांची जागा

यादी छोटी ठेवा. स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी, गुण्या, बारीक कामाला ९ मिलिमीटर पात्याचं कटर, पुठ्ठ्याला १८ मिलिमीटरचं, एक चांगली लांब कात्री, एक टोकदार छोटी, दाभण, कापायची मॅट. घडीची रेघ पाडायला रिफिल संपलेलं बॉलपेन हे जगातलं सर्वांत स्वस्त हत्यार आहे: पट्टी लावून दाबून रेघ ओढा, मग दुमडा. घडी दाबायला नखापेक्षा चमच्याची पाठ बरी.

कपड्याची कात्री आणि कागदाची कात्री वेगळी. शिवण करणारं कोणी घरात असेल तर हा नियम आधीच ठाऊक असतो. कागदाच्या कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधा, वाद मिटतो. कटरच्या पात्याचं बोथट टोक तोडण्यात आळस करू नका. बोथट पात्यावर जोर जास्त द्यावा लागतो, हात सुटतो आणि बोट कापतं. तुटलेली टोकं घट्ट झाकणाच्या औषधाच्या जुन्या बाटलीत साठवा, बाहेर ‘पाती’ असं लिहा. कचरा वेचणाऱ्याच्या हाताचा विचार करायलाच हवा. मॅट गरम इस्त्रीपासून आणि उन्हापासून दूर, सपाट ठेवा. एकदा वाकडी झाली की कामातून गेली.

कपाटाच्या दाराच्या आत थर्माकोल किंवा फोमशीटऐवजी पातळ प्लाय लावा, त्यावर खिळे ठोका आणि प्रत्येक हत्यार टांगून मार्करने त्याभोवती आकृती काढा. गॅरेजवाले मिस्त्री पाने असेच लावतात. रिकामी आकृती दिसली की कात्री कुणाकडे राहिली हे लगेच कळतं, आणि सहा वर्षांचं मूलही ती बरोबर जागी अडकवतं. कटर आणि दाभण मात्र वरच्या खिळ्यांवर, मोठ्यांच्या हाताला.

डब्यांवर चिठ्ठ्या मराठीत, मोठ्या अक्षरात आणि समोरच्या बाजूला. झाकणावर लिहिलेली चिठ्ठी डबा डब्यावर ठेवला की दिसत नाही. सजावटीचं सामान पारदर्शक बरण्यांत, एका बरणीत एकच प्रकार. ‘इतर’ असं लेबल एकाही डब्याला लावू नका. लावलंत तर सहा महिन्यांनी अर्धं कपाट त्यात गेलेलं असेल.

चिकटवायचं सामान

पांढऱ्या गोंदात पाणी असतं, म्हणून पातळ कागद त्याने सुरकुततो. मोठ्या पृष्ठभागाला दोन बाजूंची चिकटपट्टी, लहान कामाला गोंदाची कांडी, पुठ्ठ्याला आणि क्विलिंगला पांढरा गोंद, तोही थेंबाथेंबाने, दाभणाच्या टोकावर घेऊन.

पतंगाच्या आणि घोटीव कागदाला खळीला तोड नाही. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न होता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतत ढवळा, पारदर्शक झालं की उतरवा. गार झाल्यावर सुती पंच्यातून गाळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, वास आला की फेकायची. जुने बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी आहे. मुलं हात लावणार असतील तर तो नाद सोडा.

पावसाळ्यातली राखण

जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो, धाग्याला आडवा फुगतो आणि कडेने लाटा येतात. खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारे मणी घेत असाल तर नारिंगी घ्या, निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. उघडीप मिळाली की कपाट तासभर उघडं ठेवा. पाऊस कोसळत असताना हवा खेळावी म्हणून दार उघडणं म्हणजे ओल आत बोलावणं. कपाटात छोटा बल्ब पेटता ठेवायची जुनी युक्ती कागदाच्या कपाटात अजिबात नको.

कसर ओलीला आणि खळीला येते. वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून खोक्यांत ठेवा, पोथ्यांच्या बासनात तेच असायचं. डांबरगोळ्यांचा वास कागदात इतका भिनतो की भेटकार्ड उघडणारा आधी शिंकतो. वाळवीची मातीची रेघ भिंतीवर दिसली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सामान हलवा आणि कीडनियंत्रणवाल्याला बोलवा.

आता माणसं बोलवा

पहिल्या बैठकीला सहा जण पुरेत, फार तर आठ. त्यापुढे प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष जात नाही. विषय असा घ्या की घरी जाताना हातात पुरी झालेली वस्तू असेल. दिवाळीच्या आधी कंदिलाइतका चांगला विषय नाही. मुंबईत असाल तर माहीमच्या कंदील गल्लीतून एक फेरी मारून या, नमुने डोळ्यांखालून जातात.

बांबूच्या कामट्यांशिवाय होणारा सोपा कंदील असा. २२ × २८ इंची, २५० जीएसएमच्या आसपासचा कार्डशीट घ्या, धागा २२ इंची बाजूला समांतर आहे ना ते पाहा. २८ इंच लांबीच्या, दोन इंच रुंद सहा पट्ट्या कापा. या वरच्या-खालच्या कड्या. धागा आडवा असल्याने त्या न तडकता गोल वळतात. उरतो १० × २८ इंचांचा तुकडा. त्यातून एक इंच रुंद, दहा इंच उंच अशा बारा पट्ट्या कापा. इथे धागा उभा असल्याने त्या ताठ राहतात. एका तावात तीन कंदिलांचे सांगाडे निघाले. धागा उलटा निघाला तर २२ इंची बाजूने कड्या काढा, कंदील थोडा बारीक होईल, बिघडत काहीच नाही.

पट्टीची टोकं अर्धा इंच एकावर एक चिकटवून कडी करा, व्यास पावणेनऊ इंचांच्या जवळ येतो. दोन कड्यांना आतून समान अंतरावर चार उभ्या पट्ट्या चिकटवा. कपड्याचे चिमटे लावून दहा मिनिटं हात लावू नका. मग खळ फक्त कड्यांना आणि पट्ट्यांना लावून बाहेरून पांढरा किंवा पिवळा पतंगाचा कागद गुंडाळा. इथे सगळे कागद ताणतात आणि तो फाटतो. सैल गुंडाळा, खळ वाळली की आपोआप ताणला जातो.

करंज्यांसाठी, म्हणजे कडीवर बसणाऱ्या फुगीर पाकळ्यांसाठी, घोटीव कागदाचे चार इंची चौकोन लागतात, एका कंदिलाला २४. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे मध्ये आणून अर्धा इंच एकावर एक चिकटवा, घडीला दाबू नका, पोट फुगीर राहू द्या. वरच्या कडीवर बारा, खालच्या कडीवर बारा. मधला भाग मोकळा सोडा, उजेड तिथूनच येणार. खाली झिरमिळ्या लावा. वरच्या कडीला दाभणाने समोरासमोर दोन भोकं पाडून दोरी ओवा, भोकापाशी आतून चिकटपट्टी लावली की कडी फाटत नाही. आत एलईडीच लावा, आणि तोही कागदाला टेकणार नाही असा. तापणारा जुना बल्ब नको.

शिकवणाऱ्याची तयारी आदल्या दिवशीची. प्रत्येकाचं एक पाकीट: कड्या, पट्ट्या, चौकोन, दोरी, सगळं मोजून. शिवाय दोन पाकिटं जादा, कारण कोणीतरी मैत्रिणीला घेऊन येतंच. कापाकापी तुम्ही करून ठेवा, चिकटवणं त्यांना करू द्या. तासाभरात कात्री चालवून दमलेली मंडळी करंज्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. घडी दाखवताना समोर बसू नका, समोरच्याला सगळं उलटं दिसतं. शेजारी बसा, किंवा त्यांच्याकडे पाठ करून हात उंच धरा. नमुना वर्तमानपत्राच्या मोठ्या चौकोनावर दाखवा, मागच्या रांगेतल्या आजींनाही दिसतो. आणि दुसऱ्याच्या हातातला कागद काढून घेऊन ‘द्या, मी करते’ हे म्हणायचं टाळा. फार मोह होतो. चुकलेली घडी त्यांनाच उलगडू द्या.

आठ वर्षांखालच्या मुलांना बोथट टोकाची कात्री, कटर कुणालाच नाही. डावखुरं मूल असेल तर डाव्या हाताची कात्री आणून ठेवा. उजव्या हाताच्या कात्रीने ते वेडंवाकडं कापतं आणि दोष स्वतःला देत बसतं.

शेवटची पंधरा मिनिटं आवराआवरीची, आणि ती सगळ्यांनी मिळून. इथे तुमच्या मांडणीची परीक्षा होते. कोणी डबा हातात धरून ‘हा कुठे?’ विचारत उभं राहिलं, तर उत्तर देण्याआधी त्या डब्याची जागा किंवा चिठ्ठी बदलायची नोंद करा.

पैसे, उसनवारी आणि नमुने

सामानाचा खर्च माणशी वाटून घ्या आणि तो आधीच सांगा. ‘राहू दे हो’ म्हणत दोन-तीनदा स्वतःच्या खिशातून केलं की चौथ्या वेळी बोलावणंच होत नाही. कापलेले पण न वापरलेले कागद सामाईक खोक्यात टाका, पुढच्या बैठकीला ते उपयोगी पडतात. गणपतीच्या मखराला तर पुठ्ठा कितीही असला तरी कमीच. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून घरोघरी मखरं कागदाची आणि पुठ्ठ्याची होऊ लागली, आणि मखर शिकायला येणारी मंडळी जुलैपासूनच विचारू लागतात.

महागडे पंच, नक्षीची कात्री, क्विलिंगची सुई अशा गोष्टी प्रत्येकाने घेण्यात अर्थ नाही. गटाचा एक फिरता डबा करा. झाकणाच्या आत यादी चिकटवा, दोऱ्याला पेन्सिल बांधा, नेणाऱ्याने नाव आणि तारीख लिहायची. मुदत पंधरा दिवसांची. स्वतःची आवडती कात्री त्या डब्यात घालू नका. जी हरवली तर वाईट वाटेल ती वस्तू उसनी देण्याची नसते, हे स्पष्ट सांगायला संकोच नको.

ओरिगामीचे नमुने वाटताना तो कुणी रचलाय हे चिठ्ठीवर लिहा. कागदी होडी, टोपी, पारंपरिक सारस यांवर कुणाचा हक्क नाही, पण आजच्या कलाकारांनी रचलेल्या आकृत्यांचे तक्ते त्यांच्या मालकीचे असतात. घड्या करून दाखवायला अडचण येऊ नये, तक्त्याच्या झेरॉक्स काढून वाटण्याआधी मात्र परवानगी घ्यावी. मुलांचे फोटो गटावर टाकण्याआधी आईवडिलांना विचारा. नुसत्या हातांचा आणि कंदिलाचा फोटो काढलात तर बहुतेक वेळा तोच जास्त चांगला येतो.